मधाच्या रंगाची नखी

६ फेब्रुवारी

भिंगरीचा फोन आला म्हणून ही वही पुन्हा उघडली. चार महिन्यांची धूळ बसली होती. हिने ती फडक्याने पुसून माझ्यापुढे ठेवली आणि वर म्हणाली, "लिहा आता. माझ्याबद्दल एखादं तरी चांगलं वाक्य टाका म्हणजे झालं." टाकलं. ही चहा चांगला करते.

भिंगरी म्हणजे आमची एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता गिटार मांडीवर घेऊन तासन्‌तास एका जागी बसते, तरी नाव तेच. तिच्या स्वतःच्या गाण्यांचं पहिलं रेकॉर्डिंग अठ्ठावीस मार्चला ठरलंय. ही तारीख गेली तर स्टुडिओ वर्षभर मिळणार नाही. आणि नेमकी आत्ताच तिची नखी तुटली.

नखी म्हणजे तारा छेडायचा तो अंगठ्याएवढा तिकोनी तुकडा. दुकानात त्याला पिक म्हणतात. म्हणोत बापडे. ती नऊ वर्षांची असताना मी तिला मधाच्या रंगाची एक करून दिली होती. सतरा वर्षं पोरीने तीच वापरली. सगळ्यांना दाखवायची, "बाबांची नखी!"

"बाबा, अगदी तशीच हवी," ती म्हणाली. "दुकानातल्या पंधरा आणून बघितल्या. गाणं माझं वाटतच नाही."

पुढे काहीतरी पुटपुटली. हल्लीच्या पोरी तोंड उघडून बोलायला तयार नाहीत. फोन हिच्याकडे दिला.

मी एकतीस वर्षं चष्म्यांच्या कारखान्यात फ्रेमा कापल्या. ही तिथेच काचांना कड मारायची, म्हणजे फ्रेमच्या खाचेत नीट बसावी म्हणून काचेची किनार दोन्ही बाजूंनी उतरती घासायची. चौकट याची, कड तिची, असं म्हणून सगळे चिडवायचे. चिडवता चिडवता लग्नच लागलं. आता मागच्या खोलीत कारखान्यातल्या उरल्यासुरल्या प्लॅस्टिकच्या शीटांमधून मी नख्या काढतो. मधाच्या रंगाचं शीट कपाटाच्या तळाशी सापडलं. जेमतेम तुकडा उरलाय. जाडीतून चिरून एकाचे दोन करावेत तर जुना झालाय, तडकेल. मोजून तीन नख्या होतील. चौथी नाही.

८ फेब्रुवारी

मागच्या खोलीत सकाळी दहाला ऊन येतं. खिडकीशी शीटांच्या पट्ट्या टांगल्यात, त्यांचे रंग समोरच्या भिंतीवर पडतात आणि तासाभरात हळूहळू सरकत दारापर्यंत जातात. भिंगरीची लहानपणची गिटार मांडीवर घेतली आणि जुन्या नमुन्यांच्या अकरा नख्या एकामागून एक वाजवून बघितल्या. नेहमीचेच सात सूर. मला यापलीकडे काही वाजवता येत नाही आणि लागतही नाही.

लोकांना वाटतं सूर म्हणजे गिटार. अरे, पण तो बाहेर कसा काढायचा ते नखी ठरवते! अर्ध्या मिलिमीटरची पातळ नखी तारेला बघून आधी स्वतःच वाकते. फडफड ऐकू येते, मनगटाला मात्र काही कळत नाही. गाण्यामागे नुसता ताल धरायला बरी. दीड मिलिमीटरची जाड नखी वाकत नाही, तारेलाच हलावं लागतं, मग सूर पोटातून येतो. पण नवशिक्याचा हात तिने अडखळतो. टोक अणकुचीदार ठेवलं की सूर झगझगीत. गोल केलं की मऊ, आणि जरा उशिरा आल्यासारखा. कडा सरळ कापलेल्या असतील तर तारेवर खरखरतात, उतरत्या असतील तर घसरून सुटतात. फार चकाकी आणली तर घामेजलेल्या बोटांतून निसटते, म्हणून अंगठ्याच्या जागी मी मुद्दाम खरखरीत ठेवतो.

आज मात्र अकराच्या अकरा बोद्या वाजल्या. गोधडीखालून आल्यासारख्या. तारा नव्या चढवल्या, तरी तेच. शीट जुनं झालं की सूर मेणचटतो असं माझं मत झालंय.

खरं सांगायचं तर वाईट वाटलं नाही. पहिल्या तारेचा सूर निघतो आणि कुठेतरी निघून जातो. मी त्याच्या मागे मागे जात राहतो. भिंतीवरचा निळा ठिपका दारापाशी पोचला तेव्हा ही जेवायला हाक मारायला आली होती. म्हणे तीनदा हाक मारली. माझा डोळा लागला असणार, गिटार मांडीवर तशीच होती.

१२ फेब्रुवारी

तारवाला आला होता. गिटारच्या तारा विकतो म्हणून तारवाला. खरं नाव त्याच्या आईला ठाऊक. महिन्यातून एकदा माझ्या नख्या घेऊन जातो.

"काका," तो म्हणाला, "गेल्या वर्षभरातल्या तुमच्या नख्यांना तोड नाही. काय गोडवा आलाय हाताला! लोण्यातून सुरी फिरावी तसं होतं."

गोडवा? गेलं वर्षभर मी टोकं मुद्दाम अणकुचीदार करतोय, कडा सरळ ठेवतोय, की जरा सूर उघडावा, झगझगीत व्हावा. आणि ह्यांना गोडवा दिसतो! गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते खोटं नाही. त्याची काही गिऱ्हाइकं तर रोज नवी नखी मागतात. आधीची वाईट होती म्हणे. नाचता येईना, अंगण वाकडं.

तारवाल्याच्या नख्या पाकिटात ही भरते. मी संध्याकाळी हिच्याकडे देतो, दुसऱ्या दिवशी पाकिटं तयार. मी भरतो म्हटलं तर नको म्हणते, "तुम्ही चुरगाळता." असेल. हिच्या स्वेटरच्या बाहीवर आज हिरवी भुकटी होती. माझ्या खोलीत न येता हिला भुकटी लागते कुठून, देव जाणे.

१५ फेब्रुवारी

किटली पुन्हा बिघडली. वर्षभरातली ही तिसरी. शिट्टीची म्हणून घेतो आणि शिट्टीच वाजत नाही! आज मी समोरच पेपर वाचत बसलो होतो. पाणी उकळून उकळून आटलं, बूड काळं पडलं. ही मागच्या अंगणातून धावत आली आणि गॅस बंद केला. बाहेर असून हिला कसं कळलं कोण जाणे. वास आला असणार.

२० फेब्रुवारी

पहिली मधाळ नखी झाली. चार मिलिमीटरचं शीट घासत घासत शून्य पूर्णांक नऊवर आणलं. भिंगरीची जुनी याहून जाड होती असं आठवतं, पण जाड ठेवली की सूर फारच बोदा येतो. म्हणून पातळ केली, टोक काढलं, कडा सरळ. तरी हवा तसा उजेड पडला नाही सुरात. पण आधीच्या अकरांपेक्षा बरी.

ही म्हणाली, "द्या, पाकिटात घालते."

"नको. ही बापलेकीची गोष्ट आहे," मी म्हणालो आणि स्वतः जाऊन टपालात टाकून आलो. हिचं तोंड उतरलं. पाकीट भरण्यावरून कुणी रुसतं का?

२६ फेब्रुवारी

भिंगरीचा फोन. "बाबा, रागावू नका. फार टोचतोय सूर."

"टोचतोय?" मी म्हणालो. "अगं, बोदा आहे म्हण!"

"नाही हो. पहिल्या तारेवर कानात सुई घुसते."

तिच्या मागे बसून कुणीतरी स्टुडिओतला शहाणा हे बोलायला लावतोय अशी मला शंका आहे. मी जरा चढ्या आवाजात बोललो. ती म्हणाली, "आईला द्या." मग दोघी बराच वेळ बोलत होत्या. ही नुसतं "नाही, तू बोलू नकोस," "नाही, मी बघते," एवढंच म्हणत होती. काय बघते? तारवाल्याला चालतात, आणि पोटच्या पोरीला टोचतात!

२ मार्च

परसातल्या झाडावर यंदा पाखरं गात नाहीत. येतात, बसतात, चोची उघडतात, मान वाकडी करून एकमेकांकडे बघतात, पण आवाज नाही. शेजारच्या मांजरीचा धाक असावा. मी पायरीवर बसून अर्धा तास बघत होतो. कुणीतरी सगळ्या परसाला पाण्याखाली ठेवल्यासारखं शांत वाटत होतं. काल स्वप्नातही असंच होतं. मी कारखान्यात होतो, साठ यंत्रं चालू होती, आणि आवाज फक्त हिच्या दगडाचा, काचेची कड घासतानाचा. बाकी सगळं मुकं.

जागा झालो तेव्हा एक विचार आला तो इथेच लिहितो, कुणाला सांगणार नाही. माझा हात गेला असेल का? वय झालं की हात जातो. कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिराचा असाच गेला होता आणि सगळ्यांना कळून त्याला एकट्यालाच कळत नव्हतं. उठून पाच तुकडे कापले आणि मोजले. पाचही केसभर इकडेतिकडे नाहीत. हात आहे. मग काय गेलंय?

५ मार्च

दुसरी मधाळ नखी. शून्य पूर्णांक सात. टोक आणखी बारीक. वाजवली. बोदी! आज स्वतः भिंगरीच्या दारात नेऊन दिली, ती घरी नव्हती म्हणून फटीतून आत सरकवली.

आता एकच तुकडा उरलाय.

९ मार्च

आज जे झालं ते नीट लिहितो.

भिंगरी न सांगता आली. मागच्या खोलीत माझ्या टेबलावर तिने तीन नख्या मांडल्या. माझ्या दोन मधाळ आणि एक हिरवी. गिटार उचलली आणि म्हणाली, "बाबा, माझ्याकडे पाठ करून बसा. नुसतं ऐका."

"परीक्षा घेतेस काय बापाची?"

"हो."

बसलो. तिने एकच ओळ तिन्ही नख्यांनी वाजवली. समोर खिडकीची काच होती. तिच्यात मला दारात उभी असलेली ही दिसत होती. पहिल्या दोन वेळी हिने खांदे आखडले. दुसऱ्या वेळी तर कानावर हात नेला. तिसऱ्या वेळी हात खाली आला.

"तिन्ही सारख्याच," मी म्हणालो. "तिन्ही गोधडीखाली."

मी वळलो तर भिंगरी आईकडे बघत होती.

"ही हिरवी तारवाल्याच्या दुकानातून आणली," भिंगरी म्हणाली. "पाकिटावर तुमचं चिन्ह आहे. सूर हिचाच हवाय मला बाबा, फक्त हिच्यापेक्षा थोडा भारदस्त. जुन्या मधाळचं तसं होतं."

मी हिरवी हातात घेतली आणि सवयीने कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच थांबला. मी सरळ कापलेली कड दोन्ही बाजूंनी उतरती झाली होती, मधोमध केसाएवढी धार, आणि ती धारही हलकेच मोडलेली. नखीला अशी कड कुणी मारत नाही. चष्म्याच्या काचेला मारतात. आणि इतकी एकसारखी मारणारा हात मला जगात एकच माहीत आहे.

"ही कड माझी नाही," मी म्हणालो.

ही दारातून हलली नाही.

"कधीपासून?"

"मागच्या मार्चपासून."

"सगळ्या?"

"एकूण एक," ही म्हणाली. "टोकंही थोडी थोडी गोल केली. तारवाला पहिल्यांदा घेऊन आला होता परत, वीस नख्या. तुम्ही झोपला होतात. त्याला म्हटलं, काकांना काही बोलू नकोस, उद्या ये."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? की तुम्हाला ऐकू येत नाही? अहो, तीन किटल्या आणल्यात तुम्ही! ती शिट्टी पार कोपऱ्यावर जाते. शेजारीण विचारते, कोण ओरडतंय म्हणून."

मला फार राग आला. मी म्हणालो, "माझ्या कामाला हात लावायचा तुला अधिकार कुणी दिला?" हे शब्द मी हिला उभ्या आयुष्यात कधी बोललो नव्हतो. भिंगरी "बाबा!" म्हणाली. ही आत गेली. मी दार लावून घेतलं आणि भिंतीवर सरकणारे रंग बघत बसलो. राग ओसरला तसं त्याच्या खालून वर आलं ते दुसरंच. भीती होती ती.

११ मार्च

दोन दिवस घरात बोलणं नाही. म्हणजे ही बोललीही असेल, मला कसं कळणार?

आज ही वही पहिल्या पानापासून वाचली. पुटपुटणाऱ्या पोरी. तीन हाका. किटली. चोची उघडणारी पाखरं. सगळं माझ्याच अक्षरात! काखेत कळसा आणि गावाला वळसा. तारवाल्याच्या गिऱ्हाइकांना हसलो होतो तेही आहे, अंगण वाकडं म्हणून. लाज वाटली.

सुरातला उजेड माझ्या कानात पोचत नव्हता, म्हणून मी नख्यांना टोकं काढत गेलो. जितका मला कमी ऐकू आला तितका दुसऱ्यांना टोचला. आणि ही रोज संध्याकाळी बसून ती टोकं मोडत होती.

स्वयंपाकघरात गेलो. ही भांडी पुसत होती. मी म्हणालो, "चुकलो."

हिने फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे तोंड करून, अगदी सावकाश म्हणाली, "शुक्रवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. भिंगरीने वेळ घेतलीय. नाटकं करायची नाहीत."

नाही करणार म्हटलं.

१४ मार्च

कानाच्या डॉक्टरीणबाई वयाने भिंगरीएवढ्या. एका छोट्या खोलीत बसवलं, भिंतींना जाड गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला येत होते, खालचे, जाड्या तारेसारखे. दाबत गेलो. मग बराच वेळ काहीच नाही. छान शांत वाटत होतं. कुणीतरी मऊ कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं.

शेवटी मी हाताने खूण केली, पुढचं सुरू करा की!

काचेपलीकडे ही तोंडावर हात धरून रडत होती. तेव्हा कळलं की ते सुरूच आहे.

बाईंनी कागद दाखवला. रेघ डावीकडून, खालच्या सुरांपाशी, सरळ येते आणि उजवीकडे, वरच्या सुरांपाशी, घसरत खाली जाते. कारखान्यातल्या यंत्रांमुळे, वयामुळे, दोन्हीमुळे असेल म्हणाल्या. गेलेलं परत येत नाही. यंत्र बसवता येईल, त्याने बोलणं कळेल, पाखरंही ऐकू येतील. कानाचं माप घेतलं. यंत्र यायला महिना लागेल. म्हणजे अठ्ठावीस मार्चच्या पुढे. "संगीताचं मात्र सांगता येत नाही," बाई म्हणाल्या, "सुरुवातीला पत्र्यासारखं वाटेल."

घरी येताना मी हिला विचारलं, "तिसरा तुकडा आता कुणाकडे देऊ?"

"माझ्याकडे कशाला बघता?" ही म्हणाली. "मला कड तेवढी येते. जाडी, घाट, टोक, ते मला कुठे येतं?"

१७ मार्च

पहिली मधाळ नखी किती जाड होती ते कुणालाच आठवेना. तुटलेले तुकडे भिंगरीने आणले, पण सतरा वर्षांत झिजून त्यांचं माप राहिलेलं नाही. म्हणून माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या. त्या काळी मी रोज लिहायचो. पाचव्या वहीत सापडलं. जसंच्या तसं उतरवतो:

"भिंगरीसाठी नखी. मधाळ शीट, एक पूर्णांक दोन. टोक गोलसर काढलं. वाजवून बघितली, तारेला अडकते, खरखर येते. मग हिने कड मारली. भिंगरी म्हणाली, पुन्हा वाजवू? पुन्हा वाजवू? तीनशे वेळा वाजवलं. डोकं उठलं."

मग हिने कड मारली.

मी साफ विसरलो होतो. सतरा वर्षं बाबांची नखी, बाबांची नखी ऐकत मिरवलो. ज्या सुरासाठी पोर अडून बसलीय तो पहिल्या दिवसापासून हिच्या हातचा होता.

वही हिच्यापुढे धरली. हिने चष्मा लावून वाचलं.

"तुला आठवत होतं?"

"हो."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"ती बाबांची नखी म्हणायची तेव्हा तुम्ही असे ताठ चालायचात," हिने मान ताठ करून दाखवलं. "मला बघायला आवडायचं."

मी चहा ठेवला. किटलीसमोर उभा राहून वाफेवर नजर ठेवली आणि वेळेत गॅस बंद केला.

२० मार्च

तिसरी नखी. दोघांनी मिळून.

दहाचं ऊन आलं तेव्हा बसलो. करवतीने घाट मी काढला. घासून एक पूर्णांक दोनवर आणली, टोक गोलसर ठेवलं. एवढ्यासाठी कान लागत नाहीत. मग नखी हिच्या हातात दिली. हिने स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि कारखान्यातला तो जुना काळा दगड पाण्यात भिजवून पुढे घेतला. वर्षभर लपवून ठेवला होता, पिठाच्या डब्यामागे! मला पिठाच्या डब्याशी कधी काम पडत नाही हे हिला पक्कं ठाऊक.

हिला कड मारताना मी कितीतरी वर्षांनी बघत होतो. नखी दगडावर टेकवते आणि मनगट अर्धवर्तुळात फिरवते, न थांबता. आवाज मला येत नव्हता, पण तो कसा असतो ते आठवत होतं. स्वप्नात ऐकला होता तसाच. मधाच्या रंगाचं पाणी दगडावरून ओघळत होतं.

मग मी वाजवायचं, हिने डोळे मिटून ऐकायचं.

"अजून," ही म्हणाली. घासली. वाजवली.

"कर्कश. थोडी अजून."

"तुला सुराबद्दल दोनच शब्द येतात," मी म्हणालो. "बरा आणि कर्कश. लग्नाआधीपासून तेच."

"तुम्हाला पन्नास येतात, काय उपयोग झाला?"

पुन्हा घासली, पुन्हा वाजवली. असं नऊ वेळा झालं. भिंतीवरचा पिवळा ठिपका हिच्या केसांवरून सरकत गालावर आला, तरी हिला पत्ता नव्हता. मला वाटलं हे असंच चालू राहिलं तरी माझी हरकत नाही.

दहाव्या वेळी मी वाजवली आणि अंगठ्याला वेगळं कळलं. तार कुठेही न अडखळता नखीवरून सुटली, जणू तिला जायचंच होतं. मी थांबलो. हिने डोळे उघडले नाहीत.

"मघापासून ती दार ढकलून आत येत होती," ही म्हणाली. "आता विचारून आली."

मी लगेच वहीत लिहून घेतलं. माझ्या पन्नास शब्दांत हे नव्हतं.

२४ मार्च

नखी पोचली. भिंगरीचा फोन हिने घेतला. मी समोर उभा राहून हिच्या तोंडाकडे बघत होतो. ही ऐकत राहिली, ऐकत राहिली, मग हसायलाच लागली आणि डोळ्यांना पाणी.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, आई, पुन्हा वाजवू?"

२८ मार्च

आज रेकॉर्डिंग. दिवसभर एकही नखी केली नाही. तारवाला येऊन गेला. त्याला सगळं खरं सांगितलं. त्याला माहीतच होतं, मेल्याला. पाकिटावर यापुढे दोन चिन्हं छापायची, एक चौकटीचं, एक कडेचं. ही म्हणते, कशाला उगाच. मी ऐकलं नाही. नाहीतरी मला कमीच ऐकू येतं.

५ एप्रिल

भिंगरीने पहिलं गाणं पाठवलं. यंत्र यायला अजून आठवडा आहे. मी म्हणालो, थांबू या का तोवर? मग माझं मलाच ते पत्र्याचं बोलणं आठवलं. हीपण म्हणाली, "नको. आत्ताच ऐकू."

मागच्या खोलीत बसलो, दहाच्या उन्हात. हिने आवाज मोठा केला. जाड्या तारा आल्या, स्पष्ट, जमिनीतून पायांत. वर मात्र जागा रिकामी होती. तिथे काहीतरी चाललंय एवढं कळत होतं, भिंतीपलीकडच्या खोलीत कुणी वावरतंय तसं. भिंगरीचा आवाजही असाच, अर्धा. मी हसरा चेहरा करून बसलो. आयुष्यभर जिच्या दोनच शब्दांना हसलो तिच्यासमोर आता हे नाटक.

हिला ते चाललं नाही. हिने माझा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला, तळवा वर केला, आणि त्यावर आपल्या नखाने ठोके द्यायला लागली. दगडावर घासून घासून हिची नखं बोथट झालीत. हलके ठोके, मग एक जोराचा, मग दोन भराभर, मग नुसतं सरकवलेलं. क्षणभर कळलंच नाही काय करतेय. मग कळलं. मला न येणारे सूर ही एकेक करून माझ्या हातावर ठेवत होती. वरच्या तारेचे सगळे. खालचे मी ऐकत होतो, वरचे तळव्यावर येत होते, आणि मध्ये कुठेतरी पोरीचं गाणं पुरं होत होतं. मी डोळे मिटले. मला नऊ वर्षांची भिंगरी दिसली, दात पडलेली, पुन्हा वाजवू विचारणारी.

जाड्या तारा थांबल्या. खोली शांत झाली. मी हात काढून घ्यायला लागलो.

"संपलं ना?" मी विचारलं.

"थांबा," ही म्हणाली. नख अजून माझ्या तळव्यावर टेकलेलं होतं, अगदी हलकं. "शेवटची तार अजून वाजतेय."

मी हात तसाच ठेवला, हिने नख उचलेपर्यंत.